चाकावरचे घर आणि गळकी टाकी

परदेशवारीचे वर्णन म्हटले की वाचकांच्या डोळ्यांपुढे उंच इमारती, धबधबे आणि समुद्रकिनारे उभे राहतात. त्यांतले थोडेफार मीही पाहिले. पण गावी परतल्यावर पारावरच्या मंडळींनी "सायेब, अमेरिकेत काय बघितलं?" असे विचारले, तेव्हा माझ्या तोंडून पहिली गोष्ट निघाली ती संडासाच्या गळक्या टाकीची. ऐकणारे आधी हसले, मग गप्प झाले, आणि शेवटी एकाने आपल्या घरच्या बंद पडलेल्या गोबर गॅसची तक्रार काढली. तेव्हा वाटले, ही हकिकत आणखी चार घरांत पोचावी. म्हणून हा लेख.

मी पंचायत समितीत कृषी विस्तार अधिकारी आहे. नोकरीला तीस वर्षे होऊन गेली. आमची एकुलती एक लेक लग्नानंतर अमेरिकेतल्या आयोवा राज्यात गेली. जावई तिथे डेमॉइन शहरात नोकरीला आहेत. "बाबा, एकदा या," असा तिचा धोशा तीन वर्षे चालू होता. शेवटी गेल्या वर्षी, खरिपाच्या तयारीआधी हजर होण्याच्या अटीवर रजा मंजूर झाली आणि एप्रिलच्या अखेरीस सौ. आणि मी विमानात बसलो. सौ.च्या सामानात मेतकूट, शेंगदाण्याची चटणी, काळा मसाला आणि जिलेबीच्या रंगाची एक पुडी होती. जावयांना स्वतःच्या हातची जिलेबी खाऊ घालायचा तिचा बेत होता. त्या पुडीने पुढे मोठे काम केले, पण ते वेगळेच.

आयोवा म्हणजे मक्याचे आणि सोयाबीनचे राज्य. आपल्या कृष्णाकाठच्या मळीसारखी काळी, भुसभुशीत जमीन मैलोन्‌मैल पसरलेली. रस्ते सरळ, जणू दोरी लावून आखलेले. एका शेताची सरासरी साडेतीनशे एकरांच्या आसपास, त्यामुळे बांध असा दिसतच नाही आणि बांधावर बसून भाकरी खाणारा माणूसही दिसत नाही. मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात पेरणीची घाई चालली होती. एका ट्रॅक्टरमागे चोवीस ओळींचे पेरणीयंत्र पाहिले आणि आपली चार फणी पाभर आठवली.

या जमिनीखाली एक गंमत आहे. पूर्वी यातला बराच भाग दलदलीचा होता. तिथल्या शेतकऱ्यांनी एकोणिसाव्या शतकापासून जमिनीत भाजक्या मातीच्या नळ्या पुरून जास्तीचे पाणी काढून दिले. आता त्या जागी भोके असलेले प्लास्टिकचे पाइप असतात. वरून हिरवेगार शेत दिसते, पण त्याचा जीव खालच्या निचऱ्यात असतो. दुसरी गोष्ट डुकरांची. या राज्यात माणसे बत्तीस लाखांच्या आसपास आणि डुकरे दोन कोटींच्या वर. गोठ्यांखाली मोठमोठे हौद असतात. त्यांतला मलमूत्राचा राडा हंगामाला उपसून जमिनीत सहा-आठ इंच खोल सोडतात. आपण ज्याला घाण म्हणून नाक मुरडतो, त्याचा तिथला शेतकरी गॅलनवर हिशेब ठेवतो.

पण आम्हांला आयोवाची ओढ होती ती वेगळ्याच कारणाने. वीणा गवाणकरांचे 'एक होता कार्व्हर' हे पुस्तक १९८१ साली निघाले. पुढे कृषी महाविद्यालयात असताना मी ते घेतले आणि वसतिगृहात एका रात्रीत वाचून काढले. लेक वाचायला लागल्यावर तिच्याकडून ते मोठ्याने वाचून घेत असे. जन्माने गुलाम असलेला, आईपासून तुटलेला तो काळा पोरगा शिकत शिकत इथेच आला होता. इंडियानोला गावच्या सिम्प्सन महाविद्यालयात लोकांचे कपडे धुऊन त्याने पोट भरले. तिथून १८९१ साली तो एम्सच्या शेतकी महाविद्यालयात गेला, १८९४ साली पदवीधर झाला आणि १८९६ साली त्याने एम. एस. केले. ही दोन्ही गावे लेकीच्या घरापासून तासाभराच्या आत आहेत. एम्सला कार्व्हरच्या नावाच्या इमारतीपुढे उभे राहिलो तेव्हा लेक म्हणाली, "बाबा, आता जन्मगावही बघू या."

जन्मगाव म्हणजे शेजारच्या मिसूरी राज्यातले डायमंड. अंतर साडेपाचशे किलोमीटरच्या आसपास. तिथे जायला जावयांनी आपली घरगाडी काढली.

ही घरगाडी म्हणजे मोटारीच्या मागे जोडायची वीस फुटी खोली. आत दोन पलंग, गॅसची शेगडी, भांडी घासायची मोरी आणि कपाटाएवढा संडास. ऊसतोडीची माणसे बैलगाडीवर संसार बांधून निघतात, त्याचेच हे श्रीमंत रूप म्हणा ना. फरक एवढाच, की हे सुखासाठी फिरतात आणि आपली माणसे पोटासाठी. जावयांनी ती जुनी, दुसऱ्या हाताची घेतली होती आणि त्यांना तिचा फार अभिमान होता.

अशा गाडीच्या पोटात तीन टाक्या असतात. एक स्वच्छ पाण्याची. दुसरी मोरीच्या आणि आंघोळीच्या सांडपाण्याची. तिसरी संडासाची, तिला तिथे काळी टाकी म्हणतात. आमच्या गाडीची काळी टाकी तीस गॅलनची, म्हणजे सुमारे ११३ लिटरची होती. टाकीच्या तळाला तीन इंची पाइप आणि त्यावर सरकदाराची झडप असते. मुक्कामाच्या तळावर सिमेंटचा उतार केलेले एक गटाराचे तोंड असते. तिथे गाडी नेऊन जाड नळी जोडायची, आधी काळी टाकी सोडायची आणि मग सांडपाण्याची, म्हणजे मागच्या पाण्याने नळी धुऊन निघते. रस्त्यात किंवा रानात एक थेंब सांडला तरी तो तिथे गुन्हा धरतात.

शुक्रवारी सकाळी निघालो. संध्याकाळी कॅन्सस सिटी मागे टाकून एका तळ्याकाठच्या मुक्कामाच्या तळावर थांबलो. झाडी दाट, तळ्यात बदके, हवा गार. सौ.ने चहा टाकला. मी खुर्ची मांडून बसलो आणि वारा फिरला.

सौ. म्हणाली, "अहो, कसला वास येतोय?"

वाकून पाहिले. गाडीच्या डाव्या चाकाजवळ पोटातून थेंब थेंब पडत होते, आणि ते पाणी स्वच्छ नव्हते.

जावयांचा चेहरा पडला. एवढ्यात तळाची व्यवस्था पाहणारी साठीच्या पुढची बाई फेरीवर आली. तिने एक नजर टाकली आणि शांतपणे सांगितले, की टाकी आत्ताच्या आत्ता गटाराच्या तोंडाशी नेऊन रिकामी करा, रात्री खाली बादली ठेवा. उद्या दुपारी बारापर्यंत गळती बंद झाली तर राहा, नाही तर गाडी घेऊन माघारी जावे लागेल. खालच्या अंगाला तिच्या भावाचे शेत होते आणि घरचे पाणी विहिरीचे. ती रागावली नव्हती. आपल्या विहिरीजवळ कोणी असे केले असते तर आपणही दुसरे काय म्हणालो असतो?

टाकी रिकामी केली. जावयांनी पेटीतून चिकट लुकणाची नळी काढली आणि जिथून थेंब पडत होते तिथे भरपूर फासली. मी जवळ गेलो तर म्हणाले, "बाबा, तुम्ही नका हात लावू. प्लीज. तुम्ही आत बसा." सौ.नेही डोळ्यांनी खूण केली. लेकीच्या घरी पाहुणा आलेला बाप आणि त्याने संडासाच्या टाकीखाली शिरायचे! मी आत जाऊन बसलो.

रात्री झोप लागेना. टाकीमुळे नव्हे, पंचवीस वर्षांपूर्वीच्या एका प्रसंगामुळे.

२००१ चा सुमार असेल. संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान जोरात चालू होते. मी तरुण, उत्साही. गोबर गॅसला संडास जोडा, सोनखताचे महत्त्व ओळखा, अशी भाषणे गावोगाव करीत होतो. कोकणचे अप्पासाहेब पटवर्धन माझ्या भाषणात हमखास असत. १९३२ साली रत्नागिरीच्या तुरुंगात सफाईचे काम मला करू द्या म्हणून उपोषण करणारा आणि पुढे कणकवलीच्या गोपुरीत संडासाचे, खताचे प्रयोग करणारा तो माणूस. टाळ्या पडत. माझे ऐकून एका घराने गोबर गॅस बांधला आणि संडास जोडला. चार महिन्यांत टाकी गळू लागली. गॅस येईना आणि घरामागे चिखल झाला. मला बोलावले. मी दहा हातांवर, नाकाला रुमाल लावून उभा राहिलो आणि गवंड्याला सूचना देऊ लागलो. त्या घरची म्हातारी पाटीत राडा भरून बाहेर काढत होती. ती थांबली आणि म्हणाली, "सायेब, खत लई चांगलं म्हणतासा. पर आदी नाकावरचा रुमाल काढा की."

सगळे हसले. मीही हसलो, पण रुमाल काढला नाही. गवंड्याने दिसेल तिथे सिमेंट थापले. गळती थांबली नाही. महिन्याभराने त्यांनी तो गॅस सोडून दिला. माझ्या अहवालात मात्र "संयंत्र उभारणी पूर्ण" असेच राहिले. ते खोटे नव्हते, पण खरेही नव्हते.

पहाटे उठून मी अंगावर जुना शर्ट चढवला.

गाडीखाली कोरडे होते. जावई आनंदाने म्हणाले, "थांबली बघा!" मी म्हणालो, "जावईबापू, रिकाम्या टाकीने कधी गळती दाखवलीय का? दोन बादल्या पाणी आणा." संडासातून पाणी ओतत गेलो. बऱ्याच बादल्या गेल्यावर पुन्हा थेंब सुरू झाले, पण लुकण लावलेल्या जागी नव्हे, हातभर पुढे. गळती बंद झाली नव्हती, तिने फक्त दार बदलले होते.

तेव्हा मी म्हणालो, "कीड ओळखल्याशिवाय आम्ही फवारा सांगत नाही. आज माझे ऐका."

कौलारू घरात राहिलेल्याला एक गोष्ट ठाऊक असते. कौल फुटलेले असते एकीकडे आणि पाणी पडते दुसरीकडे, कारण ते वाशावरून वाहत जाते. इथेही तसेच होते. गाडीच्या पोटाला खालून पन्हळी प्लास्टिकचा पत्रा स्क्रूने बसवलेला होता. गळके पाणी त्या पत्र्यावर साचत होते आणि वाट मिळेल तिथून खाली पडत होते. म्हणजे थेंबाच्या जागेवरून भोकाची जागा कळणार नव्हती. आधी टाक्या पुन्हा गटाराशी नेऊन सोडल्या. दोन वेळा स्वच्छ पाणी भरून काळी टाकी खळाळून धुतली. मग हातमोजे घातले, डोळ्यांना चष्मा लावला आणि आम्ही दोघे पाठीवर झोपून गाडीखाली सरकलो. स्क्रू काढले. पत्रा खाली घेतला. वर दोन टाक्या शेजारीशेजारी दिसत होत्या.

आता पहिला प्रश्न, गळते कोणती? धुतलेल्या टाकीतले पाणी आणि सांडपाण्याच्या टाकीतले पाणी दिसायला सारखेच. मी खालून हाक मारली, "अहो, ती जिलेबीच्या रंगाची पुडी द्या."

सौ.ने कपाळाला हात लावला. पण पुडी आली. अर्धी पुडी बादलीत कालवून काळ्या टाकीत ओतली. दुसरीत साधे पाणी. जे गळेल त्याचा रंगच सांगेल.

दुसरा प्रश्न, गळते कुठून? टाकीला अनेक तोंडे असतात. तळाची झडप, तिच्या जोडाची चकती, वर वायू जाण्याचा पाइप, संडासाच्या भांड्याचा जोड, आणि भिंतीत बसवलेले पातळी दाखवणारे स्क्रू. त्यांपैकी झडपेचा दोष सगळ्यांत जास्त आढळतो, कारण तिच्या खाचेत कागदाचा कपटा अडकतो किंवा रबर झिजते. म्हणून आधी झडपेपुढचे झाकण काढून पाहिले. थेंब नव्हता. मग एकेक जोड फडक्याने कोरडा पुसला आणि प्रत्येकाभोवती पांढऱ्या पातळ कागदाची पट्टी गुंडाळली. कागद खोटे बोलत नाही. एक थेंब लागला तरी डाग दिसतो.

आता वरून लेक मोजून दहा-दहा लिटर पाणी ओतू लागली. एक बादली ओतायची, दहा मिनिटे थांबायचे, बॅटरी मारून सगळे कागद तपासायचे. बॅटरी सौ.ने धरली होती. ती कधी गाडीखाली डोकावून बसली ते माझ्या लक्षातही आले नाही.

पहिली, दुसरी, तिसरी. सगळे कोरडे. थांबण्याच्या त्या वेळात जावई पहिल्यांदा मोकळे बोलले. म्हणाले, "बाबा, मला रात्रभर लाज वाटत होती. तुम्ही पहिल्यांदा आलात आणि मी तुम्हांला हे दाखवलं. आमच्या घरी असलं काम कधी कोणी केलंच नाही. माणूस बोलवायचा, पैसे द्यायचे." मग मी त्यांना म्हातारीची गोष्ट सांगितली. आजवर सौ.लाही सांगितलेली नव्हती. ती बॅटरी धरून ऐकत होती. कोणीच काही बोलले नाही. लेकीने वरून विचारले, "सहावी ओतू का?"

सहावी कोरडी. सातवी कोरडी. आठव्या बादलीला जावई ओरडले, "आली!" टाकीच्या बाजूच्या भिंतीत, खालून दोन तृतीयांश उंचीवर एक स्क्रू होता. त्याच्याभोवतीचा कागद जिलेबीसारखा केशरी झाला होता.

हा स्क्रू आत पाण्याला टेकतो आणि टाकी किती भरली ते घरातल्या दिव्यांवर दाखवतो. जावई म्हणाले, "तो दुसरा दिवा सहा महिने बिघडलाय. मी लक्षच दिलं नाही." म्हणजे रोगाने आधीच खूण दिली होती. स्क्रूभोवतीचे रबर उन्हाथंडीने कडक होऊन चिरले होते. टाकी दोन तृतीयांशाच्या खाली असेपर्यंत गळत नव्हती, वर चढली की गळत होती. म्हणूनच निघताना कळले नाही आणि दिवसभराच्या वापरानंतर कळले.

आता उपाय. त्या रबरावर आधीच्या मालकानेही लुकण थापले होते आणि ते नखाने सोलून निघाले. कारण ही टाकी पॉलिथिनची होती, आपल्याकडच्या निळ्या पिंपासारखी. पीव्हीसी पाइपला लागणारे सोल्यूशन पिंपाला लागत नाही हे शेतकऱ्याला ठाऊक असते. काही गाड्यांच्या टाक्या एबीएस नावाच्या प्लास्टिकच्या असतात, त्यांना सोल्यूशनने ठिगळ लागते. ओळखायची सोपी युक्ती आहे. टाकीच्या कडेचा एक बारीक तुकडा चाकूने छाटून पाण्यात टाकावा. तरंगला तर पॉलिथिन, बुडाला तर एबीएस. आमचा तरंगला. पॉलिथिनला तडा असेल तर तापवून त्याच प्लास्टिकने सांधावे लागते. आमच्या नशिबाने तडा नव्हता, नुसते रबर गेले होते.

जावई मोटार घेऊन जवळच्या गावातल्या हार्डवेअरच्या दुकानात गेले आणि दोन-तीन डॉलरची वस्तू घेऊन आले. रबराची जाड बोंडी, तिच्या पोटात पितळी नट. ती भोकात खुपसायची आणि बाहेरून स्टेनलेस स्टीलचा स्क्रू, डोक्याखाली रबरी वायसर घालून, आवळायचा. आवळताना आतले रबर फुगते आणि भोक घट्ट बसते. जुने लुकण खरवडून, भोकाची कड पुसून कोरडी केली आणि ती बसवली. वायर जोडली. शेजारचे दोन स्क्रूही त्याच वयाचे होते, म्हणून त्यांचीही रबरे बदलली. एक बैल लंगडला की दुसऱ्याचेही खूर पाहावेत.

मग टाकी काठोकाठ भरली आणि नवा कागद गुंडाळून तासभर थांबलो. कागद कोरडा. बाराला दहा मिनिटे कमी असताना ती बाई आली. वाकून पाहिले, हात फिरवला, कोरडा हात दाखवून हसली. केशरी पाणी कसले, असे तिने विचारले. लेकीने समजावून सांगितल्यावर तिला मोठी मौज वाटली. साबणाने दोन वेळा हात घासून, आंघोळ करून आम्ही जेवायला बसलो. सौ.ने उरलेल्या अर्ध्या पुडीची जिलेबी मात्र केली नाही. म्हणाली, "तो रंग आता मला ताटात बघवणार नाही."

दुसऱ्या दिवशी डायमंडला पोचलो. मोझेस कार्व्हर याच्या शेतावर १८६४ च्या सुमारास जॉर्जचा जन्म झाला. १९४३ साली, त्याच्या मृत्यूच्याच वर्षी, अमेरिकन सरकारने ती जागा राष्ट्रीय स्मारक म्हणून राखून ठेवली. दोनशे चाळीस एकरांचे रान, एक झरा, एक तळे, उंच गवताचे माळ. प्रवेशाला पैसे नाहीत. झाडीत एका लहान मुलाचा पुतळा आहे. याच रानात तो आजारी रोपे गोळा करून जगवत असे आणि लोक त्याला झाडांचा डॉक्टर म्हणत. झऱ्याचे पाणी ओंजळीत घेऊन लेक बराच वेळ उभी होती.

मला तिथे आठवली ती कार्व्हरची गाडी. टस्कीगीला शिकवत असताना १९०६ साली त्याने एक फिरती शाळा सुरू केली. जनावरांनी ओढायच्या गाडीत नांगर, लोणी काढायचे यंत्र, बियाणे घालून ती गरीब शेतकऱ्यांच्या दारी जात असे. त्यांनी शाळेत यायचे नाही, शाळेने त्यांच्या बांधावर जायचे. माझ्या खात्याचे मूळ तिथे आहे. पण ती गाडी नुसते भाषण घेऊन जात नव्हती. ती हात घेऊन जात होती. टाकाऊ बाटल्या आणि डबे कचऱ्यातून उचलून ज्याने आपली प्रयोगशाळा उभी केली, तो नाकाला रुमाल लावून दहा हातांवर उभा राहिला नसता.

परत आल्यावर खरीप अंगावर आला आणि दिवाळी कधी गेली कळले नाही. त्यानंतर एका रविवारी मी त्या घरी गेलो. म्हातारी जाऊन बारा वर्षे झाली होती. नातू कर्ता झाला आहे. गोबर गॅसच्या खड्ड्यात कडब्याचा चुरा आणि फुटके पाइप पडलेले. मी त्याला म्हणालो, "तुझ्या आजीचं एक काम माझ्याकडं राहिलंय."

खड्डा वर्षानुवर्षे उघडा आणि कोरडा होता, तरी आम्ही आत उतरलो नाही. वरूनच लांब दांड्याच्या अवजारांनी साफ केला. पाइपची तोंडे माती-फडक्याने बंद केली आणि पाण्याने काठोकाठ भरला. पहिले दोन दिवस विटा पाणी पितात, म्हणून पुन्हा भरला. मग भिंतीवर खडूने पातळीची रेघ मारली आणि रोज सकाळी नवी रेघ मारत गेलो. पाणी चार दिवस उतरले आणि एका उंचीला येऊन थांबले. पाणी जिथे थांबते तिथे भोक असते. त्या रेषेवर, शेण येण्याच्या पाइपच्या जोडाखाली, बोटभर फट निघाली. पंचवीस वर्षांपूर्वी गवंड्याने सिमेंट थापले होते ते तिच्या वीतभर खाली. दुरुस्ती गवंड्याने खड्डा मोकळा असताना, दुसरा माणूस काठावर उभा करून केली. संक्रांतीला त्या चुलीवर तिळाचा पाक झाला.

वाचकहो, तुमच्याकडे चाकावरचे घर नसेल, पण गळकी टाकी बहुतेकांकडे असते. कुठे गोबर गॅसची, कुठे संडासाची, कुठे फवारणीच्या पंपाची. चार गोष्टी ध्यानात ठेवा. थेंब पडतो तिथे भोक असेल असे धरून चालू नका. आधी धुवा, पुसा, मग थोडे थोडे भरून थांबा. किती पातळीला गळते ते पाहा, पातळीच जागा सांगते. वस्तू कशाची आहे ते ओळखल्याशिवाय लुकण लावू नका. आणि पाचवी गोष्ट या चारींपेक्षा मोठी. चालू किंवा बंदिस्त गोबर गॅसच्या, संडासाच्या टाकीत कोणीही उतरू नका आणि कोणा गरिबालाही पैसे देऊन उतरवू नका. आतला वायू दोन श्वासांत माणूस आडवा करतो आणि वाचवायला उतरणाराही जातो. २०१३ च्या कायद्याने असे काम करून घेणे गुन्हा आहे. उपसायला यंत्राची गाडी बोलवा.

त्या दिवशी घरून निघताना सवयीने खिशात रुमाल होता. खड्ड्याच्या काठावर वास आला तेव्हा हात खिशाकडे गेलाही. नातू माझ्याकडे पाहत होता. त्याला आजीचे बोलणे ठाऊक असण्याचे कारण नव्हते. मी रुमाल काढला, घाम पुसला आणि परत खिशात ठेवला.